मॅव्हिस टेलफर आणि मोरीचं झाकण

"घाला माती," मॅव्हिस मावशी म्हणाली. "माझ्यासकट घाला."

गुरुवारची दुपार होती. रोमन शिपायांच्या न्हाणीघरातल्या गार खोलीत, अगदी मधल्या फरशीवर, ती बसली होती. बसली म्हणजे टप्प्याटप्प्याने बसली. आधी डावा हात शेजारी पडलेल्या दगडावर, मग उजवा गुडघा जमिनीला, मग एक लांबलचक "आई गं", आणि त्यानंतर उरलेली सगळी मॅव्हिस टेलफर, वय बाहत्तर. मांडीवर थर्मास उभा केला, झाकणात चहा ओतला, फुंकर मारली. मावशीने चहा ओतला की ती उठत नाही, हे स्कारहोप गावात पोस्टमनच्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे.

समोर डगी हेस्लॉप आपल्या छोट्या जेसीबीत बसून होता. डगीचं बोलणं म्हणजे एक "हं". पण त्या "हं"चे चार प्रकार आहेत, आणि त्याने आत्ता काढलेला चौथा होता: मी यात नाही.

"मॅव्हिस," डॉक्टर पिम म्हणाले, "आपण सुज्ञ आहात."

"कोण म्हणालं?"

डॉक्टर पिम पुरातत्त्वाचे डॉक्टर, आणि इंग्लंडच्या दक्षिणेकडचे. त्यांच्या तोंडातून प्रत्येक शब्द आधी रुमालाने पुसला जातो, मग बाहेर येतो. रागावले की आवाज चढत नाही, उलट रुमाल दोनदा फिरतो. "उद्या चार वाजता आपली परवानगी संपते. त्याआधी ही खोली बुजवायची आहे. उघडी राहिली तर थंडीत हा चुना फुटेल. आपल्याला ते चालेल का?"

"नाही चालणार. म्हणून तर म्हणते, ही फरशी आज उचला, आत बघा, आणि मग सुखाने बुजवा."

"ती फरशी उचलण्याची परवानगी आपल्याकडे नाही."

"मग मिळवा. मी कुठे जात नाहीये. चहा भरपूर आहे."

भांडण त्या फरशीचंच होतं. आमच्या गावाच्या वरच्या कुरणात डॉक्टर पिम चार उन्हाळे हे न्हाणीघर उकरत होते. गरम खोली झाली, कोमट खोली झाली, शेवटच्या उन्हाळ्यात गार खोली. सापडलेल्या प्रत्येक दगडाला नंबर मिळतो आणि प्रत्येक नंबराचा एक कागद भरला जातो: कुठे सापडला, केवढा, कशासाठी. चारशे सतरा नंबरची फरशी हातभर लांब, हातभर रुंद, मधोमध अंगठा जाईल एवढं भोक, आणि एका कडेला खाच. तिच्या कागदावर "उपयोग" या चौकटीत डॉक्टरांनी लिहिलं होतं: बहुधा पूजेसाठी. दैवाच्या देवीला मद्य वाहण्याचं भोक.

मंगळवारी मावशीने तो कागद रिआननच्या खांद्यावरून वाचला आणि तेव्हापासून आमच्या खोदकामाला शांतता नाही.

रिआनन ही डॉक्टरांची देखरेख करणारी मुलगी. म्हणजे देखरेख खोदकामाची, पण आम्ही म्हणतो डॉक्टरांची. ती वेल्सची आहे, बोलताना तिची वाक्यं चढ चढतात आणि वर पोचून खाली बघतात. मंगळवारी आम्ही सगळे स्वयंसेवक पत्र्याच्या केबिनीत जेवायला बसलो होतो. मावशीने आपला जाड गोल स्टॉटी पाव उघडला, आतलं हॅम आणि पिवळ्या वाटाण्याचं वाटण तपासलं, परत मिटला, आणि विचारलं, "देवीला मोरीत का वाहतात?"

"कुठल्या मोरीत?" रिआनन म्हणाली.

"त्या भोकाखालच्या."

"ऐका ना, तिथे मोरी आहे असं कुणी म्हटलं? मुख्य गटार तर भिंतीकडून जातं ना?"

"भिंतीकडून जातं, पण येतं कुठून? अख्ख्या खोलीचा उतार त्या फरशीकडे आहे. सकाळी मी पाण्याचा पेला सांडला, तो कुठे गेला माहितेय? तिथेच. ते झाकण आहे, बाई. खाली कुंडी असणार. कुंडीत गाळ बसतो, पाणी पुढे जातं. आठवड्यातून एकदा कुणीतरी खाचेत आकडा घालतं, झाकण उचलतं, हात घालतं आणि केस काढतं."

"कसले केस?"

"माणसांचे. तुला काय वाटलं, देवीचे?"

टेबलाच्या टोकाला डॉक्टर पिम काकडीचं सँडविच खात होते. त्यांनी घास संपवला, मग हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "मॅव्हिस, अशा खोल्यांत देवीची पूजा होत असे. माणूस उघडा असतो, पाय घसरतो, म्हणून दैवाला सांभाळून असतो. याला आधार आहेत."

"असतील की. देवी कोपऱ्यात असेल, भिंतीत असेल. पायाखाली कशाला ठेवतील? आणि बाकी सगळ्या फरश्या गुलाबी चुन्याने घट्ट बसवल्यात. हिलाच कडेला चुन्याचा कण नाही. का? तर रोज उचलायचं झाकण कुणी लिंपत नाही."

"चुना धुऊन गेला असेल."

"एकाच फरशीचा?"

"शक्य आहे."

"आणि ती खाच उजव्या बाजूला झिजलीय, डाव्या बाजूला नाही. उजव्या हाताचं माणूस होतं."

"मॅव्हिस," डॉक्टर म्हणाले, आणि रुमाल फिरला, "आपण हे कशाच्या आधारावर सांगता?"

मावशीने पावाचा मोठा घास घेतला आणि तो चावून होईपर्यंत सगळ्यांना थांबवलं. मग म्हणाली, "एकतीस वर्षांच्या."

ही एकतीस वर्षं आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावातली. एकोणिसाव्या वर्षी मावशी तिथे सफाईला लागली. आत मोठा तलाव, बाजूला ज्यांच्या घरी न्हाणी नाही अशांसाठी आंघोळीच्या खोल्या, खाली कोळशाची भट्टी. मॅनेजर क्रोझियर साहेब. क्रोझियर साहेबांचं चालणं मावशी अजून करून दाखवते: पोट आधी दारातून येतं, मग साहेब, मग बऱ्याच वेळाने हुकूम. "मिसेस टेलफर, जाळी बघा. मिसेस टेलफर, पाणी तुंबलं. मिसेस टेलफर, वास कसला?" तिला आधी रबरी हातमोजे दिले. ते पहिल्याच आठवड्यात तिने फेकले, कारण मोज्यातून केस हाताला लागत नाहीत. शनिवारी संध्याकाळी तलाव बंद झाला की झाकण उघडायचं, दंडापर्यंत हात घालायचा आणि जे येईल ते काढायचं. जखमेच्या पट्ट्या, पिना, दुधाचे दात, कुणाची तरी लग्नाची अंगठी, एकदा खोटी बत्तिशी. बत्तिशीचा मालक सोमवारी आला आणि म्हणाला, "धुतलीत ना?" मावशी म्हणाली, "तुमच्यापेक्षा जास्त."

पुढे तलाव पाडायचं ठरलं. पाडण्याआधी वाचनालयात फोटोंचं प्रदर्शन भरलं. त्यात तलाव बांधणारा होता, महापौर होते, पोहण्यात चषक मिळवलेली पोरं होती, क्रोझियर साहेबांचं पोट तर दोन फोटोंत होतं. सफाईवाल्या चार बायकांपैकी एकही नव्हती. मावशीने अभिप्रायाच्या वहीत लिहिलं: "हे सगळे लोक स्वच्छ पाण्यात पोहत होते. ते स्वच्छ कसं झालं ते प्रदर्शनात दिसलं नाही." खाली सही आणि पत्ता. उत्तर आलं नाही.

म्हणून चारशे सतरा नंबरची गोष्ट तिच्यासाठी एका दगडाची नव्हती. एकदा त्या कागदावर "पूजेसाठी" छापून गेलं आणि खोली बुजली की पुढची शंभर वर्षं ते कुणी उघडणार नव्हतं, आणि गाळात हात घालणारं ते माणूस दुसऱ्यांदा मरणार होतं. हे तिने असं सांगितलं नाही. तिने एवढंच सांगितलं, "त्या बाईचं काम देवीच्या नावावर जाऊ देणार नाही."

"बाई कशावरून?" रिआननने विचारलं.

"बाप्या असता तर खाच आणखी मोठी केली असती. त्यांना थोडक्यात उचलता येत नाही."

तर गुरुवारी दुपारी ती बसली. तीन वाजले, साडेतीन वाजले. वारा सुटला, मेंढ्या कुंपणापाशी येऊन बघून गेल्या. डगी जेसीबीतून उतरला, आपली जुनी उशी मावशीला देऊन परत वर जाऊन बसला. हा "हं"चा दुसरा प्रकार.

डॉक्टर पिम तीनदा आले. पहिल्यांदा म्हणाले, थंडी लागेल. दुसऱ्यांदा म्हणाले, स्वयंसेवकांच्या नियमावलीत असं बसणं बसत नाही, आपलं नाव यादीतून काढावं लागेल. मावशी म्हणाली, "काढा. मग मी पाहुणी. पाहुण्याला उठ म्हणायचं असतं का?" तिसऱ्यांदा ते शेजारच्या दगडावर बसले. पाच मिनिटांनी म्हणाले, "समजा मी फोन केला. समजा परवानगी मिळाली. आणि खाली काहीच नसलं?"

"तर मी उठेन, घरी जाईन, आणि तुम्ही तुमच्या देवीला काय हवं ते पाजा."

"हा शब्द?"

"टेलफरचा शब्द."

त्यांनी फोन केला. परवानग्या देणाऱ्या वारसा खात्यातल्या बाईंशी ते वीस मिनिटं बोलले. आम्हाला फक्त त्यांची बाजू ऐकू येत होती. "हो... नाही, ती बसली आहे... नाही, आंदोलन म्हणता येणार नाही... वय? बाहत्तर... हो, चहा आहे तिच्याकडे." शेवटी ठरलं: शुक्रवारी सकाळी, फोटो काढून, माप घेऊन, एक फरशी, एक तास.

शुक्रवार हा लोकांनी बघायला यायचा दिवस. अख्खं स्कारहोप वर आलं होतं, लहान पोरं, म्हातारे, चर्चमधल्या बायका. मावशी उशी घेऊन बाजूला उभी. रिआननने खाचेत लोखंडी आकडा घातला. फरशी एका दमात, चूं न करता वर आली. लिंपलेली फरशी अशी येत नाही. मावशीने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी नाही पाहिलं.

खाली दगडांनी बांधलेली चौकोनी कुंडी होती. कोपर बुडेल एवढी खोल. एका बाजूला वर पाणी बाहेर जायचं तोंड.

आणि कुंडी रिकामी होती. तळाशी बोटभर माती, तीही वरून झिरपलेली. रिआननने ती चाळली. काही नाही. पिन नाही, मणी नाही, कोंबडीचं हाड नाही.

चर्चमधली एक बाई दुसरीला म्हणाली, "अरेरे." ते "अरेरे" इतकं गोड होतं की त्यावर साय धरली असती.

डॉक्टर पिम हळू बोलले, आणि खरं सांगायचं तर आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. "मॅव्हिस, मला वाईट वाटतं. वाहिलेलं मद्य साठायची कुंडी असू शकते. स्वच्छ ठेवलेली. हे पूजेशी अधिक जुळतं."

सगळे मावशीकडे बघायला लागले. ती कुंडीच्या कडेला वाकली, आत हात घातला, तळावरून, कोपऱ्यांतून, तोंडाच्या खालून बोटं फिरवली. आणि हसायला लागली.

"काय झालं?" रिआननने विचारलं.

"कोपरे बघ. कोपऱ्यात नख घालून बघ. काही आहे?"

"नाही."

"देवीचे कोपरे इतके साफ कोण करतं गं? मद्य चिकट असतं. कोपऱ्यात राहतं. हे नखांनी घासलेलं आहे." ती सरळ झाली, कमरेवर हात. "तलाव बंद झाला ना, त्या शेवटच्या शनिवारी मी मोरी साफ केली. सोमवारी हातोडे येणार होते. क्रोझियर म्हणाले, मिसेस टेलफर, आता कशाला? मी म्हटलं, पाडा खुशाल, पण माझी मोरी तुंबलेली सापडणार नाही. हिनेही तेच केलंय. पलटण निघाली, न्हाणीघर बंद, आणि ही बया शेवटचा हात मारून गेली."

"रिकामा खड्डा हा पुरावा होत नाही, मॅव्हिस," डॉक्टर म्हणाले. "आपण शब्द दिला होता."

"दिला होता. खाली काही नसलं तर उठेन. मी उठलेलीच आहे. आता एक सांगा, काढलेला गाळ कुठे गेला?"

"म्हणजे?"

"दर आठवड्याला बादलीभर घाण. ती काय वाफ होऊन गेली?"

डॉक्टर म्हणाले, नदीत टाकत असतील. मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं लादी पुसत असताना बुटांनी आलेल्या माणसाकडे बघतात.

"नदी तीनशे पावलं खाली. डॉक्टर, तुम्ही कधी केसांनी भरलेली बादली उचलली आहे? ती कुणी तीनशे पावलं नेत नाही. ती जवळच्या दारातून बाहेर जाते, आणि साहेबांना दिसणार नाही अशा बाजूला पडते. मी एकतीस वर्षं भट्टीच्या मागे टाकली. क्रोझियर मेले, त्यांना कळलं नाही. डगी, बादली दे."

डगी जागेवर नव्हता. बादली रिआननने दिली, पाण्याने भरून.

मग मावशीने जे केलं ते बघायला अख्खं गाव कुंपणावर लोंबकळलं. ती कुंडीपाशी उभी राहिली, बादली उजव्या हातात घेतली, आणि चालायला लागली. ओझं घेऊन चालणारी बाई जशी चालते तशी, डावा खांदा वर, उजवा पाय थोडा फाकून. गार खोलीच्या पूर्वेच्या भिंतीत एक अरुंद दार होतं, आता नुसता उंबरा. सात पावलं. उंबऱ्यापाशी ती थांबली. "हात भरलेला आहे म्हणून दार डाव्या खांद्याने ढकलायचं. खांद्याने ढकललं की अंग उजवीकडे वळतं. वारा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. वाऱ्यावर कुणी टाकत नाही, एकदा टाकलं की अक्कल येते." आणि तिने बादली रिकामी केली.

पाणी हवेत पसरलं, वाऱ्याने जरा लांब नेलं, आणि आमच्या हिरव्या प्लास्टिकच्या फिरत्या संडासावर धाडकन आपटलं.

आतून डगीचा आवाज आला. "पाऊस?"

दोन मिनिटं अख्खं कुंपण हसून हलत होतं. डॉक्टर पिमसुद्धा चष्मा काढून पुसत होते, जास्तच वेळ. डगी दार उघडून बाहेर आला, सगळ्या गावाला बघितलं, आणि तिसऱ्या प्रकारचं "हं" काढलं. तो प्रकार मी इथे लिहीत नाही.

"इथे," मावशी म्हणाली. "या डब्याखाली. आणि ऐका, आधीच सांगून ठेवते, मग म्हणू नका की बघून बोलली. काळा गाळ निघेल, त्यावर राख, मग परत गाळ, परत राख. नुसता गाळ टाकला तर वास सुटतो आणि साहेब विचारतात. म्हणून वर भट्टीची राख टाकायची. मी टाकायचे. हिच्याकडेही भट्टी होती."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. "बाहेर खोदण्याची परवानगी..."

"ऐका ना," रिआननचं वाक्य चढ चढायला लागलं, "दोन चाचणी खड्डे मंजूर होते ना? एक केला ना? एक उरलाय ना?"

"तो मी फाटकापाशी ठेवला होता."

"फाटकापाशी काय आहे?"

डॉक्टर पिमनी एकदा फाटकाकडे पाहिलं. मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांचं बाकी सगळं माफ करते. त्यांनी अंगातलं चांगलं जाकीट काढून रिआननकडे दिलं, बाह्या सरसावल्या आणि संडासाचा एक कोपरा स्वतः धरला. "मिस्टर हेस्लॉप, दुसरी बाजू घ्याल का?"

तो डबा भरलेला होता, एवढंच सांगते. गावाने टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे वाऱ्याच्या उलट बाजूला सरकले.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद. गवताचा थर, मग पडझडीचे दगड. साडेबारा, एक. मावशीला गुडघ्यामुळे खड्ड्यात उतरता येईना, म्हणून ती उशीवर कडेला बसून हुकूम सोडत होती आणि तिचा आवाज हळूहळू क्रोझियर साहेबांसारखा व्हायला लागला होता. "डॉक्टर, कोपरा बघा. डॉक्टर, कड सरळ ठेवा."

दीड वाजता डॉक्टरांची थापी थांबली. ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "रिआनन, फोटो."

खड्ड्याच्या भिंतीत पट्टे दिसत होते. काळा, करडा, काळा, करडा. राखेचे करडे पट्टे अकरा मोजले. सगळे दाराकडून उतरते, दाराशी जाड आणि पुढे पातळ, बादलीतून फेकलं की पडतं तसे. काळ्या पट्ट्यांत हात घातला की बोटांना तुपकट लागत होतं. चाळणीत केसांत खोचायच्या हाडाच्या पिना आल्या, निळा मणी आला, भुवया उपटायचा चिमटा आला, कोंबडीची हाडं आली. आणि मग लहान मुलाचा एक दुधाचा दात, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा.

"शिपायांचं न्हाणीघर," रिआनन हळूच म्हणाली.

"शिपायांना बायकापोरं नसतात का?" मावशी म्हणाली. तिने तो दात तळहातावर घेतला, उजेडात धरला, परत ट्रेमध्ये ठेवला. एवढंच. डोळे वगैरे पुसले नाहीत. फक्त बराच वेळ चहा ओतला नाही.

वारसा खात्यातल्या बाईंना परत फोन गेला आणि चारची मुदत सहाची झाली. डगीने गार खोली बुजवली, आधी फरशी परत जागेवर बसवून. ती पुन्हा चूं न करता बसली.

साडेसहाला केबिनीत आम्ही चौघेच उरलो होतो: डॉक्टर, रिआनन, मावशी आणि मी. मावशीला बसने घरी न्यायचं माझ्याकडे होतं, पण ती उठत नव्हती. तिने डॉक्टरांसमोर चारशे सतराचा कागद सरकवला.

डॉक्टरांनी पेन्सिल घेतली. "पूजेसाठी" वर रेघ मारली. देवीवर रेघ मारली. मग लिहिलं आणि वाचून दाखवलं: "बहुधा सांडपाण्याच्या कुंडीचं उचलायचं झाकण. नियमित सफाईसाठी."

"बहुधा," मावशी म्हणाली.

"शास्त्रात तसं लिहावं लागतं, मॅव्हिस. मी तिथे नव्हतो."

"मी होते."

"ते वेगळं न्हाणीघर होतं."

"न्हाणीघर वेगळं. मोरी तीच." तिने बोट कागदावर ठेवलं. "पूजा लिहिलीत तेव्हा तुमच्याकडे काय होतं? एक भोक. भोकावर एक 'बहुधा' दिलात. आता कुंडी आहे, उतार आहे, अकरा वेळा राख आहे आणि मी आधी सांगितलेलं आहे. आणि तरी तेवढाच 'बहुधा'? देवीला आणि मोरीवालीला एकच माप?"

डॉक्टर पिमनी कागद जवळ ओढला. त्यांच्या नखांत अजून काळा गाळ होता. ते बोलले तेव्हा रुमाल कुठे गेला कोण जाणे, शब्द तसेच बाहेर आले. "नाही. एकच माप नाही." आणि त्यांनी "बहुधा" खोडलं.

कागदाच्या तळाशी एक छोटी चौकट असते: ओळख कुणी पटवली. चार उन्हाळे, शेकडो कागद, प्रत्येकावर डॉक्टरांच्या नावाची दोन आद्याक्षरं. त्यांचा हात सवयीने तिकडे गेला, थांबला. त्यांनी कागद उलटा फिरवून तिच्यापुढे केला आणि पेन्सिल दिली.

मावशीने आधी हात पँटला पुसला. मग लिहायला लागली. दोन अक्षरं नाही, पूर्ण नाव: मॅव्हिस ॲन टेलफर. मग स्वल्पविराम. मग: सफाई कामगार, सार्वजनिक... आणि चौकट संपली.

"मावशी, निवृत्त असं लिही," रिआनन म्हणाली.

"अजून पहिलं संपलं नाही."

"चौकट जरा लहान आहे," डॉक्टर म्हणाले.

"दिसतंय मला. मोठी काढा."

डॉक्टर पिम उठले आणि पट्टी शोधायला लागले.